रेल्वे फाटकावर स्मार्ट तंत्रज्ञान : गावाने काय मागावे, काय स्वतः बसवावे आणि कशावर विसंबू नये

आमच्या गावाचे शिवार रेल्वेमार्गाने दोन भागांत विभागले आहे. घरे रुळांच्या अलीकडे आणि निम्म्याहून अधिक वावरे पलीकडे, त्यामुळे पेरणीपासून कापसाच्या शेवटच्या वेचणीपर्यंत बंड्या, ट्रॅक्टर, गुरे आणि वेचणीला जाणाऱ्या बाया यांना दिवसातून दोनदा तरी फाटक ओलांडावेच लागते. नागपूर–भुसावळ, वर्धा–बल्लारशा, अकोला–पूर्णा, गोंदिया–चांदा फोर्ट अशा मार्गांलगत विदर्भात ही स्थिती असलेली गावे पुष्कळ आहेत. त्या गावांतील सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शेतकरी यांना आपले फाटक अधिक सुरक्षित कसे करून घेता येईल, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

प्रथम सेकंदांचा हिशेब समजून घ्यावा, कारण कोणते साधन उपयोगाचे आणि कोणते दिखाऊ, हे त्यावरूनच ठरते. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ३० मीटरहून थोडे अधिक अंतर कापते. कापसाने भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर फाटकाच्या दांड्याअलीकडून निघून दोन रूळमार्ग ओलांडून शेपटासह पलीकडे पोहोचेपर्यंत साधारण ३० मीटर चालतो, आणि खडबडीत फाटकावर त्याचा वेग ताशी पाच किलोमीटरच्या वर क्वचितच जातो. म्हणजे त्याला वीसेक सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी ६५० मीटर पुढे आलेली असते. बैलबंडीला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्या वेळात गाडी जवळजवळ एक किलोमीटर येते. इतक्या वेगातील गाडीला तातडीचा ब्रेक लावला तरी थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकते. आता आपल्या फाटकावर उभे राहून पाहावे : रुळाला वळण आहे, कडेला बाभळी वाढल्या आहेत, डिसेंबरात तूर डोक्याएवढी उभी आहे आणि सकाळी धुके आहे. एक किलोमीटर दूरचे दिसत नाही. दिसले तरी समोरून येणारी मोठी वस्तू डोळ्यांना आहे त्यापेक्षा सावकाश येत असल्यासारखी भासते. जिथे डोळा पोहोचत नाही तिथली खबर वेळेत आणून देणे, एवढेच फाटकावरील तंत्रज्ञानाचे काम आहे.

यंत्र बंद पडले तर काय होते?

फाटकासाठी कोणतेही साधन सुचवले गेले की ग्रामसभेने विक्रेत्याला किंवा अधिकाऱ्याला हा एक प्रश्न अवश्य विचारावा. रेल्वेची जुनी सिग्नल यंत्रणा याच प्रश्नाभोवती रचलेली आहे. ट्रॅक सर्किटमध्ये दोन्ही रुळांतून हलका विद्युत्प्रवाह सोडलेला असतो आणि त्याच्या बळावर दुसऱ्या टोकाचा रिले, म्हणजे विजेच्या बळावर चालणारा स्विच, उचललेल्या स्थितीत राहतो. गाडी आली की तिची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह मधूनच परततो आणि रिले खाली पडतो, तेव्हा सिग्नल लाल होतो. परंतु तार तुटली, वीज गेली किंवा बॅटरी उतरली तरीही रिले खालीच पडतो आणि सिग्नल लालच होतो. बिघाड झाल्यावर यंत्र धोक्याचीच खूण दाखवते, सुरक्षिततेची कधीच दाखवत नाही.

याच्या उलट काय घडते, ते आम्ही गावात पाहिले आहे. एका होतकरू मुलाने रुळाजवळच्या स्वतःच्या धुऱ्यावर कंप ओळखणारे सेन्सर लावले आणि तार ओढून पांदण रस्त्याच्या तोंडाशी भोंगा बसवला. आठ दिवस भोंगा वेळेवर वाजला आणि लोकांना त्याची सवयही झाली. नवव्या दिवशी उंदराने तार कुरतडली. मालगाडी आली, भोंगा गप्प राहिला, आणि भोंगा वाजत नाही म्हणून दोन बंड्या बिनधास्त फाटकाकडे निघाल्या. गेटमनने दांडा वेळेवर पाडला होता म्हणून अनर्थ टळला. त्या मुलाची कळकळ खरी होती. चूक यंत्राच्या रचनेत होती, कारण त्याचे मौन लोकांनी परवानगी म्हणून ऐकले. त्यामुळे गावाने स्वतः बसवलेले कोणतेही साधन फक्त ‘थांबा’ किंवा ‘सावध व्हा’ एवढेच सांगणारे असावे. ‘गाडी नाही, जा’ असे सांगणारा हिरवा दिवा, संदेश किंवा फलक गावाने कधीही लावू नये, आणि रेल्वेच्या हद्दीत, रुळाला किंवा खांबाला तर कशालाच हात लावू नये.

आपले फाटक कोणत्या प्रकारचे आहे, ते ओळखावे

३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळच्या कन्हान येथे लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मानवरहित फाटकावर गाडीने धडक दिली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. विदर्भातील ज्येष्ठ मंडळींना तो दिवस अजून आठवतो. जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व मानवरहित फाटके संपवण्यात आली, हे मोठे काम झाले. तरीही ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात सेम्मनकुप्पम येथे गेटमन असलेल्या फाटकावर शाळेच्या व्हॅनला गाडीने उडवले आणि विद्यार्थ्यांचा जीव गेला. ते फाटक इंटरलॉक केलेले, म्हणजे सिग्नलशी जोडलेले नव्हते.

हा फरक प्रत्येक गावकऱ्याला ठाऊक असला पाहिजे. इंटरलॉक नसलेल्या फाटकावर स्टेशन मास्तर फोन करतात, गेटमन फाटक बंद करतो, खात्री म्हणून दोघे ‘खासगी क्रमांक’ म्हणजे पडताळणीचे गुप्त अंक एकमेकांना सांगून नोंद ठेवतात आणि मग गाडी सुटते. सारा भार दोन माणसांच्या शब्दावर असतो. फाटक खरोखरच बंद आहे का, हे सिग्नलला कळत नाही. इंटरलॉक केलेल्या फाटकावर दांडा पूर्ण खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही, आणि एकदा सिग्नल दिल्यावर गाडी निघून जाईपर्यंत किंवा सिग्नल परत घेऊन ठरलेला वेळ जाईपर्यंत फाटक उघडत नाही. अशा काही फाटकांच्या सिग्नलखाली पिवळ्या गोल पाटीवर काळे ‘जी’ अक्षर असते. पण स्टेशनच्या हद्दीतील फाटके स्टेशनच्याच सिग्नलशी जोडलेली असल्यामुळे तिथे ही पाटी नसते, म्हणून गेटमनला विचारणे हाच खात्रीचा मार्ग.

इंटरलॉकिंगचा आणखी एक लाभ मला फार मोलाचा वाटतो. ‘एवढी बंडी काढू दे ना भाऊ, गाडी अजून दूर आहे’ अशी विनवणी प्रत्येक फाटकावर रोज होते आणि गेटमन त्याच पंचक्रोशीत राहणारा, ओळखीचा माणूस असतो. इंटरलॉक केलेल्या फाटकावर त्याला नकार द्यावा लागत नाही. यंत्रच नकार देते.

मोजणी करून मागणी करावी

देशातील सतरा हजारांच्या आसपास फाटकांपैकी ११ हजारांहून अधिक इंटरलॉक झालेली आहेत. उरलेल्यांचा क्रम वाहतुकीच्या मोजणीवर ठरतो. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांच्या संख्येला त्याच वेळात फाटक ओलांडणाऱ्या वाहनांच्या एककांनी गुणले की जो आकडा येतो त्याला रेल्वेच्या कागदांत टीव्हीयू म्हणतात. मोटार, ट्रक, ट्रॅक्टर, बैलबंडी आणि टांगा यांचे प्रत्येकी एक एकक, ऑटोरिक्षा व सायकलरिक्षा यांचे अर्धे आणि मोटारसायकलचे पाव एकक धरतात. इंटरलॉकिंगसाठी टीव्हीयूची किमान मर्यादा पूर्वी २०,००० होती. कडलूरच्या अपघातानंतर ती १०,००० करण्याचे आणि सर्व फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचे निर्देश रेल्वेमंत्र्यांनी दिले.

उदाहरण म्हणून समजा, एका फाटकावरून दिवसभरात ६० गाड्या जातात. रस्त्यावरून ४० ट्रॅक्टर-मोटारी, ३० बंड्या, १२ ऑटो आणि २०० मोटारसायकली गेल्या, तर एकके झाली ४० + ३० + ६ + ५०, म्हणजे १२६, आणि गुणाकार ७,५६०. हे फाटक मर्यादेखाली राहिले. पण हीच मोजणी मेऐवजी डिसेंबरात केली, वेचणी आणि जिनिंगची वाहतूक जोरात असताना ४० ऐवजी ८५ ट्रॅक्टर-मोटारी निघाल्या, तर एकके १७१ आणि गुणाकार १०,२६० होतो. फाटक तेच, माणसे तीच. फक्त महिना बदलला.

म्हणून गावाने स्वतःची मोजणी हंगामात, सलग काही दिवस आणि पूर्ण चोवीस तास करावी. आम्ही ती केली तेव्हा रस्त्याकडेला, रेल्वेच्या हद्दीबाहेर, एका शेतकऱ्याच्या बांधावर साधा सौर कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून लावला होता आणि खाली दोन माणसे पाळीपाळीने वही घेऊन बसत होती. रात्री अडीच वाजता शेकोटीशेजारी बसून कोळशाच्या गाड्यांवर रेघा ओढताना जे कळले, ते दिवसा कधीच कळले नसते : रात्रीच्या मालगाड्या आमच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होत्या. कॅमेऱ्याचा उपयोग वहीतील आकडे पडताळण्यासाठी झाला आणि अर्जाला बळ आले. या गणितात पायी जाणारी माणसे, शाळेची मुले आणि गुरे धरलीच जात नाहीत. मला ही या पद्धतीतील मोठी उणीव वाटते, म्हणून त्यांचा वेगळा तक्ता करून अर्जाला अवश्य जोडावा.

अर्ज ग्रामसभेच्या ठरावासह मंडल रेल व्यवस्थापकांकडे करावा आणि त्याच्या प्रती जिल्हाधिकारी, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती व रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या सार्वजनिक बांधकाम विभागाला किंवा जिल्हा परिषदेला द्याव्यात. येथे एक घोटाळा नेहमी होतो : विदर्भातील रेल्वेमार्ग एकाच कार्यालयाखाली नाहीत. मध्य रेल्वेचे नागपूर व भुसावळ मंडल, दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे नागपूर मंडल आणि दक्षिण मध्य रेल्वेचे नांदेड मंडल अशी मुख्यतः वाटणी आहे. नागपूर नावाची दोन मंडले असल्यामुळे अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन महिने जातात. फाटकावरील पाटीवरून फाटक क्रमांक आणि किलोमीटर उतरवून घ्यावा व जवळच्या स्टेशनवर मंडलाची खात्री करावी. रेल्वेने केलेली मागील मोजणी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात मागवता येते. तिची तारीख पाहावी आणि ती कोणत्या महिन्यातली आहे, यावर ठरावात बोट ठेवावे.

इंटरलॉकिंगला वेळ लागणार असेल, तर तोवरच्या मागण्याही त्याच अर्जात लिहाव्यात : गेट फोनवरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण, सीसीटीव्ही, दांडा पडण्यापूर्वी वाजणारा भोंगा, आणि वीज गेल्यावर चालणारा सौर संच. फाटक आधीच इंटरलॉक असेल तर सरकता आपत्कालीन दांडा आहे का, हे विचारावे. वाहनाच्या धडकेने मुख्य दांडा तुटला की सिग्नल लाल राहतात, गाड्या खोळंबतात आणि फाटक हाताने सांभाळण्याची वेळ येते. सरकता दांडा ओढून लावला की इंटरलॉकिंग कायम राहते. दांडा तोडणाऱ्यास रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६० खाली पाच वर्षांपर्यंत आणि बंद फाटक परस्पर उघडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हेही चावडीवर वाचून दाखवण्यासारखे आहे.

जपान आणि ब्रिटनमध्ये फाटकात वाहन किंवा माणूस अडकला आहे का, हे रडार आणि लेसरने तपासणारी यंत्रे आहेत. आपल्याकडे ‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा बसलेल्या मार्गांवर फाटक जवळ येताच इंजिनाची शिट्टी आपोआप वाजते. या गोष्टी मार्गवार येतील. त्यांच्या भरवशावर गावाने थांबून राहू नये.

रस्त्याची बाजू गावाच्या हातात आहे

रुळांवर रेल्वेचा अधिकार आहे, पण फाटकाकडे येणारा रस्ता आपला आहे आणि बरेचसे अपघात त्या रस्त्यावरच आकार घेतात. फाटकाआधी २०० मीटरवर आणि पुन्हा ५० ते १०० मीटरच्या दरम्यान सूचना फलक असले पाहिजेत. ते नसतील किंवा झुडपांत गेले असतील तर बांधकाम विभागाकडून ते उभे करून घ्यावेत आणि त्यांच्यावर पिवळा सौर ब्लिंकर बसवावा. विदर्भाचे ऊन लक्षात घेऊन बॅटरीची पेटी पॅनलच्या सावलीत, जमिनीपासून उंच आणि कुलपात ठेवावी. उन्हाने बॅटरी लवकर मरते आणि उघडी बॅटरी चोरीला जाते. पावसाळ्यात तीन-तीन दिवस सूर्य दिसत नाही, म्हणून तेवढा साठा टिकेल अशीच बॅटरी मागावी.

गतिरोधक मात्र विचारपूर्वक घालावा. फाटकाकडे येताना रंबल पट्ट्या, म्हणजे रस्त्यावरच्या खडखडणाऱ्या बारीक उंचवट्यांच्या पट्ट्या, उपयोगी पडतात, परंतु फाटक ओलांडल्यावर लगेच गतिरोधक असेल तर पुढचा ट्रॅक्टर तिथे मंदावतो आणि मागची ट्रॉली रुळांवर राहते. पानठेला, ऑटोचा थांबा आणि भाजीचा बाजार फाटकाला चिकटून असला तरी हाच परिणाम होतो. पलीकडे आपले वाहन शेपटासह मावेल इतकी जागा दिसल्याशिवाय रुळांवर चढू नये. बंडीच्या आणि ट्रॉलीच्या मागे लाल परावर्ती पट्टी लावणे तर आजच करता येते.

गावाकडून जिथे फाटा फुटतो तिथे ‘फाटक बंद आहे’ असा लाल दिवा लावता आला तर रुग्णवाहिका आणि मोठी वाहने दुसऱ्या रस्त्याने वळू शकतात. यासाठी रेल्वेची लेखी परवानगी घ्यावी. दिवा विझलेला असणे म्हणजे फाटक उघडे असणे नव्हे, हे त्याच फलकावर ठळक अक्षरांत लिहावे.

विद्युतीकरण झालेल्या फाटकावर २५,००० व्होल्टची तार असते आणि तिच्याआधी रस्त्यावर उंचीची कमान असते, जिची उंची ४.६७ मीटर आहे. कुटाराने किंवा कापसाच्या बोद्यांनी वरपर्यंत रचलेली बंडी किंवा ट्रॉली या कमानीला घासत असेल, तर वरचा माल उतरवूनच ती न्यावी. तारेला प्रत्यक्ष स्पर्श झाला नाही तरी जवळ गेल्यानेच विजेचा झटका बसू शकतो. भरल्या बंडीवर किंवा ट्रॉलीवर माणसे बसवून फाटक ओलांडणे कडकपणे बंद करावे.

मोबाइलवर गाडी पाहून फाटक ओलांडू नये

गाड्यांचा ठावठिकाणा दाखवणारी ॲप आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. इंजिनावरील उपग्रह-आधारित यंत्रे साधारण दर ३० सेकंदांनी स्थान कळवतात; पण तेवढ्यात गाडी ९०० मीटर पुढे गेलेली असते. त्याहून गंभीर बाब अशी की, प्रवाशांसाठीच्या या ॲपमध्ये मालगाड्या दिसत नाहीत. वणी, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात कोळसा आणि सिमेंटच्या गाड्या रात्रंदिवस धावतात, त्या या पडद्यावर नसतातच. तिसरी-चौथी लाइन झालेल्या ठिकाणी एक गाडी डोळ्यांदेखत निघून जाते आणि तिच्या आडून दुसरी येते. ॲपचा उपयोग स्टेशनवर जाण्यासाठी करावा.

फाटकाऐवजी बोगदा झाला असेल तर

अनेक गावांत फाटक कायमचे बंद करून भुयारी मार्ग दिला आहे. गाडीचा धोका गेला, पण काळ्या मातीच्या शिवारात जुलै-ऑगस्टमध्ये बोगद्यात पाणी तुंबते आणि लोक पुन्हा रुळांवरून ये-जा करू लागतात. येथे घरच्या पाण्याच्या टाकीत वापरतात तोच फ्लोट स्विच कामाला येतो. एक १५ सेंटीमीटरवर पिवळ्या दिव्यासाठी आणि दुसरा ३० सेंटीमीटरवर लाल दिव्यासाठी लावावा, आणि दिवे बोगद्यात न लावता दोन्ही बाजूंच्या उताराआधी लावावेत, म्हणजे वाहनाला वळायला जागा मिळते. गावातील इलेक्ट्रिशियनला एवढेच स्पष्ट सांगावे की, पाणी नसताना सर्किट जोडलेले राहील आणि ते तुटले की लाल दिवा लागेल अशी जोडणी करावी. मग तार तुटली तरी दिवा धोकाच दाखवेल. बॅटरीच संपली तर दिवा लागणार नाही, म्हणून भिंतीवर रंगाने मोजपट्टीही काढावी. वाहते पाणी ३० सेंटीमीटर असले तरी लहान मोटार जागेवरून हलू शकते. उपसा पंपाची जबाबदारी रेल्वेची की ग्रामपंचायतीची, हे मार्ग ताब्यात घेतानाच लेखी ठरवून घ्यावे.

वाहन रुळांवर अडकले तर

आधी माणसे उतरवावीत, बैल सोडावेत आणि एकाने गेटमनकडे धावावे, कारण सिग्नल लाल करणे त्याच्या हातात आहे. वाहन ढकलण्यात पहिला मिनिट घालवू नये. त्याच वेळी दुसऱ्याने १३९ आणि ११२ वर फोन करून ठिकाण सांगावे. ‘आमच्या गावाजवळ’ असे सांगून नियंत्रण कक्षाला काही कळत नाही. फाटक क्रमांक सांगावा, आणि शेजारच्या विजेच्या खांबावर लिहिलेला क्रमांक सांगावा. त्यातील पहिला आकडा किलोमीटरचा आणि दुसरा त्या किलोमीटरमधील खांबाचा असतो. शक्य असल्यास तिसऱ्याने रुळाच्या कडेने, रुळांवर न जाता, गाडी येण्याच्या दिशेने लाल कापड हलवत धावावे. दोन मार्ग असतील तर दोन्ही दिशांना माणसे पाठवावीत.

हे क्रमांक संकटात आठवत नाहीत. आम्ही पोस्टकार्डाएवढ्या पिवळ्या कागदावर फाटक क्रमांक, खांब क्रमांक, जवळच्या स्टेशनचे नाव, १३९ आणि ११२ एवढेच मोठ्या अक्षरांत छापून घेतले, त्यावर प्लास्टिक चढवले आणि गावातील प्रत्येक ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, शाळेच्या गाडीत व दुधाच्या टेम्पोत चिकटवले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ग्रामपंचायतीचा शिपाई ब्लिंकरचे पॅनल पुसतो, बोगद्यातील फ्लोट हाताने उचलून दोन्ही दिवे लागतात का ते पाहतो आणि नोंदवहीत तारीख घालून सही करतो.